मोहरीची उशी

अण्णा गेल्याची बातमी संग्रहालयाच्या नव्या ग्रंथपालबाईंनी फोनवर सांगितली. "ते जुन्या पुस्तकांच्या खोलीतले अण्णा... काल गेले." त्याला आता महिना झाला. कोल्हापुरातल्या आमच्या निसर्ग-संग्रहालयात पेंढा भरलेला वाघ बघायला झुंबड उडते, पण वाघामागचा जिना चढायचे कष्ट कुणी घेत नाही. वर ग्रंथालय आहे आणि त्याच्या आतल्या खोलीत शंभरी उलटलेली पुस्तकं, हातानं रंगवलेली पक्ष्यांची चित्रं, जुन्या संग्राहकांची रजिस्टरं. गडहिंग्लजचे अण्णा कागदोपत्री तिथले मदतनीस होते. प्रत्यक्षात त्या खोलीत त्यांचंच राज्य चालायचं.

मी पठारावरच्या वनस्पतींवर प्रबंध लिहीत होते. माझे वडील कोडोलीचे शेतकरी. गावावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आपण लहानपणी निळ्या तुऱ्याचं एक रोपटं पाहिलंय, असं ते सांगायचे. मार्गदर्शकांनी ते हसण्यावारी नेलं. "नोंद नाही, म्हणजे नव्हतं." मी मूर्खासारखं हे घरी जाऊन बोलले. वडील म्हणाले, "मग मी खोटं बोलतोय व्हय?" त्यानंतर त्यांनी त्या फुलाचं नाव काढलं नाही. ते गप्प बसणं मला फार लागलं. नोंद शोधायचीच, या हट्टानं मी तो जिना चढले.

गेले ती सिनेमात बघितलेले पांढरे हातमोजे घालून. अण्णांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "आपरेशन करायला आलायसा व्हय? काढा ते. मोज्यातनं कागूद कळत न्हाई, टरकन फाटतोय. हात धुवा आन् वाळू द्यात की." मी ओढणीला हात पुसणार तेवढ्यात ते पुन्हा ओरडले. मग खिडकीपाशी हात पसरून, मेंदी वाळवत असल्यासारखी, मी उभी राहिले. मनातून चिडले होते.

त्यांनी रजिस्टर आणलं आणि एका छोट्या उशीवर ठेवलं. बाळाच्या डोक्याखाली ठेवतात ती मोहरीची उशी! पुस्तक टेकलं की मोहरी सरकून त्याच्या पाठीचा आकार घ्यायची, जुन्या शिवणीवर ताणच येत नसे. मला हसू आलं. "कुणाच्या बाळाची पळवली, अण्णा?"

"मंडळींनी शिवलीती. घरात कुणी झोपलं न्हाई तिच्यावर," ते म्हणाले. "मग हितं आणली."

मी मान खाली घालून पानं उलटू लागले. तिसऱ्या दिवशी एका पानावर कचरा दिसला आणि, घरी पोथीवरची धूळ उडवतात तशी, मी सवयीनं फुंकर मारली.

"हलू नगा!"

अण्णांनी दार लावलं, चष्मा सावरला आणि साठीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस चक्क चार पायांवर आला. मीही आले. टॉर्चच्या उजेडात आम्ही फरशी तासभर इंच इंच पाहिली. लाजेनं माझे कान तापले होते. शेवटी टेबलाच्या पायाशी त्यांना ते सापडलं, पानावरून उडालेलं चिमुकलं फूल. ओलसर कुंचल्याच्या टोकावर उचलून त्यांनी ते पानावरच्या तपकिरी डागावर ठेवलं. डाग कसला, त्या फुलाचीच छाया होती ती! तुरा तिच्यात अगदी बरोबर बसला. वाळून गेलेला, तरी देठाशी अजून निळा. बाजूला संग्राहकाची इंग्रजी टिपणं होती आणि समासात त्याच्या इथल्याच कुण्या सोबत्यानं मोडीत दोन शब्द लिहिले होते. मला मोडी येत नाही. अण्णांनी बोट न टेकवता वाचलं, "कोडोलीवरचा सडा."

माझ्या आज्याचाही जन्म व्हायच्या आधी कुणीतरी आमच्या डोंगरावर वाकलं होतं, हे फूल खुडलं होतं, आणि ते इथं माझी वाट बघत पडलं होतं. आणि मी ते फुंकरीनं उडवून दिलं होतं!

पुढच्या आठवड्यात वडिलांना घेऊन गेले. अण्णा म्हणाले, "या पावणं. हात धुवा." आयुष्यभर ऊस तोडलेले ते हात धुऊन वडील खिडकीशी ते पसरून उभे राहिले. मग उशीवरच्या पानाकडे बराच वेळ बघत बसले. "ह्येच की," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. अण्णा तोंड फिरवून कपाट पुसू लागले.

मागच्या आठवड्यात अण्णांच्या वस्तू घरी पोचवायला ग्रंथपालबाईंनी मला बोलावलं. चष्मा, कुंचला आणि उशी. उशीवर अजून रजिस्टर होतं, माझंच. अण्णा ते नव्या बाईंना दाखवत होते म्हणे. मी ते अलगद उचललं. खाली खळगा तसाच होता. गडहिंग्लजच्या एसटीत ती उशी मी भरलेल्या ताटासारखी आडवी धरून बसले. शेजारची बाई विचित्र नजरेनं बघत होती. बघू दे.

अण्णांच्या पत्नीनं, अक्कांनी, चष्मा देवापाशी ठेवला. उशी मांडीवर घेतली. तळवा खळग्यावरून फिरवला, पण दाबला नाही.

"कोण हुतं ह्याच्यावर?"

मी सांगितलं. वडिलांचं फूल, ते रजिस्टर, सगळंच सांगितलं. अक्का ऐकत होत्या. मग त्यांनी उशी तशीच आडवी, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"मग परत न्या. झोप मोडंल त्याची."