पळीभर पाण्यात बुडालेली डिस्क

आमच्या दादाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. बिरवाडीकडच्या कारखान्यात तो दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो ना, मग पोलादपुरात दिलेल्या आपल्या अडाणी बहिणीला शिकवायचा त्याला हक्कच आहे.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा उशाशी बसून मी त्यांच्या गप्पा फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. आईला बघायला आंबेनळी घाट उतरून कसे आले, पोहे किती खारट होते, असलं सगळं. आबा गेल्यावर आई ते ऐकत बसायची. पोह्यांची गोष्ट आली की तोंडाला पदर लावायची.

फोनचा काय भरवसा, म्हणत दादाने ते सगळं हार्ड डिस्कवर चढवलं आणि जागा अडते म्हणून माझ्या फोनमधून पुसून टाकलं. मी दुसरी कॉपी मागितली.

"तुला काय कळतं गो? कंपनीची डिस्क हाय."

म्हणजे डब्यावर कंपनीचं नाव छापलं की आतली वस्तू अमर! माहेरचं घर महाडात, सावित्रीच्या पुराचं पाणी कधी दारात येईल नेम नाही, म्हणून डिस्क प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर चढवली. पावसाळाभर त्याच्या हुशारीचं कौतुक मात्र आम्ही ऐकायचं.

दसऱ्याला डिस्क खाली आली. कोयता, पाने-पक्कड, मोटारसायकल, त्यांच्या रांगेत हीपण. हळद-कुंकू, अक्षता, झेंडू आणि वरून पळीभर पाणी. कुंकवाचं बोट तर नेमकं वायर खुपसायच्या भोकावर. अरे, थांब म्हटलं, तर शास्त्र आहे म्हणाला. आईला आबांचा आवाज ऐकवायचा म्हणून तशीच ओली जोडली. डिस्क थोडा वेळ टिकटिकली आणि गप्प झाली. मुंबईला दुरुस्तीला धाडली, तिथूनही तशीच परत आली. पुरातून वाचवायला निघालेल्या शहाण्याने ती देवासमोर बुडवली. मला इतका संताप आला की मी त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाही.

पुढच्या दसऱ्याला दादासाहेबांनी नवी डिस्क मांडली, दुप्पट जागेची. पाणी नाही हो, फक्त कोरडं फूल. मी तोंड सोडणार, तेवढ्यात आईच पुढे झाली.

"ह्याच्यात काय हाय रे?"

"अजून काय नाय."

"मग फूल कुणाला वाहतोस?"