गौरीच्या तोंडून तिची आजी

माझी बायको वारल्यावर तीन वर्षांनी घरात पुन्हा बोलू लागली. यात तिचा काही दोष नव्हता. सगळा माझा होता.

नात गौरी अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध नको. घरच्यांनी तिच्याशी भरपूर बोला." मुलगा महेश आणि सून सविता नोकरीला. म्हणून दुपारी बोलायचं काम माझ्याकडे आलं. (ज्याने चाळीस वर्षं पेपरातून मान वर न करता बायकोला फक्त 'हं' म्हटलं, त्याच्याकडे!)

मला युक्ती सुचली. मी औशाच्या दुकानात असायचो तेव्हा बायको लातूरहून फोनवर बोलून निरोप पाठवायची. तिच्या आवाजातले ते शेकडो निरोप फोनमध्ये तसेच होते. ते लावून फोन गौरीच्या मांडीवर ठेवायचा आणि आपण पेपर उघडायचा!

संध्याकाळी सविता विचारायची, "आप्पा, बोललात का तिच्याशी?"

"हं!"

दोन महिन्यांनी, ऐन जेवणात, गौरीने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"अहो, गोळी खाल्ली का? न्हाई खाल्ली म्हणा!"

तोच हेल, शेवटी तोच उसासा. महेशची भाकरी वरणात पडली. लेकीच्या जन्माआधी गेलेली त्याची आई समोरून बोलत होती!

"सविता भाजीत लई मीठ टाकून राहिली. तिला सांगू नका."

सविताने झटकन डोक्यावर पदर घेतला. अडीच वर्षांच्या पोरीपुढे! "चुकलं, आत्याबाई!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण चोरी कबूल कोण करणार? सविता लेकीला जवळ घ्यायलाही घाबरू लागली. महेशने भूतबाधा उतरवणाऱ्या एका स्वामींना आणलं. त्यांनी विभूती लावली, चहाचा कप उचलला.

"साखर बंद सांगितली ना डॉक्टरनं?" गौरी म्हणाली.

स्वामींनी कप तसाच खाली ठेवला. त्यांना मधुमेह होता!

"पोरीला या घरातून हलवा," ते म्हणाले. सविता रडत गौरीचे कपडे भरू लागली. उद्या पोर नांदेडला, आजोळी जाणार! तेव्हा मी फोन काढला आणि निरोप लावला.

"अहो, गोळी खाल्ली का?" फोन आणि गौरी एकदम म्हणाले. एकच आवाज, दोन तोंडं! सगळं ठाऊक असून माझ्याही अंगावर काटा आला.

सविताने लेकीला उचलून छातीशी धरलं. "आप्पा, उद्यापासून तुम्ही स्वतः बोलायचं."

दुसऱ्या दिवशी तासभर बोललो. दुकान, तिची आजी, आजीच्या एकाही निरोपाला मी उत्तर दिलं नाही ते, सगळं सांगितलं. घसा सुकला, डोळे भरले.

"ऐकलंस ना गं?"

गौरीने चित्रांच्या पुस्तकातून मान वर केली नाही.

"हं."