थिर्झाच्या बापाच्या दोन खुर्च्या

थिर्झा हेजकॉक आणि मी इंग्लंडमधल्या विकमला, खुर्च्यांच्या गावी, एकाच शेडमध्ये काम करायचो. मी खुर्च्यांच्या वेताच्या बैठका विणायचे, ती जुन्या खुर्च्या दुरुस्त करायची. हात बापाचा. ईनॉक हेजकॉक म्हणजे गावातला नावाजलेला नक्षीकार. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

१९५३च्या ऑक्टोबरात गावातल्या मोठ्या घरच्या थर्सबीबाईंनी जेवणघरातल्या सहा खुर्च्या आमच्याकडे पाठवल्या. महोगनीच्या. पाठीची फळी चर्चच्या खिडकीसारखी कोरलेली, पुढचे पाय गुडघ्यात वाकलेले आणि खाली पंजात धरलेला गोळा. "हा पंजा मूळचा चिनी ड्रॅगनचा, मोती धरलेला," थिर्झा सांगायची, "आपल्या लोकांनी त्याचा गरुड केला." शुक्रवारी लंडनहून ओकशॉट नावाचे पारखी येणार होते. सहाही खुर्च्या दोनशे वर्षांच्या आहेत असं त्यांनी लिहून दिलं की त्या लिलावात जाणार होत्या.

मंगळवारी तिनं एका खिळखिळ्या खुर्चीचा सांधा सोडवला आणि हातातलं अवजार खाली ठेवलं.

"काय झालं गं?"

"इकडे ये. आधी दार लाव."

सांध्याच्या खाचेत लपणाऱ्या लाकडाच्या टोकावर पेन्सिलीनं एक छोटं पान काढलेलं होतं. ईनॉकची खूण! तिनं बाकीच्या खुर्च्यांचे सांधेही सोडवले. आणखी एकीत तेच पान. म्हणजे चार जुन्या आणि दोन बापानं केलेल्या.

"माझा बाप लबाड होता का गं?"

"लबाड माणूस खूण कशाला ठेवेल?"

"पण लपवून ठेवलीय ना!"

दुसऱ्या दिवशी ती थर्सबीबाईंकडे गेली. बाई चहा ओतत शांतपणे म्हणाल्या, "आगीत दोन जळाल्या होत्या, तेव्हा सासऱ्यांनी करवून घेतल्या. आता कोणाला आठवतंय? त्या खुणांवर रंधा मार आणि मोकळी हो. तुझ्याच बापाची अब्रू राहील."

परतल्यावर थिर्झानं रंधा हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी तिनं खुणा तशाच ठेवून सगळ्या खुर्च्या सरस लावून जोडल्या.

शुक्रवारी आमच्या शेडमध्ये, थर्सबीबाईंसमोर, ओकशॉटसाहेबांनी एकेक खुर्ची उलटी करून पाहिली. ईनॉकच्या खुर्चीवर हात फिरवत म्हणाले, "वा! हिच्यावरची नक्षी सगळ्यांत सुरेख. सहाही अस्सल."

थर्सबीबाईंची नजर थिर्झावर खिळली होती. मला वाटलं, ही गप्प बसणार.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "ती माझ्या वडिलांनी केलीय. आणि ही दुसरीपण."

साहेब लालबुंद झाले. पुन्हा वाकून पाहिलं, भिंग लावलं. चारच खुर्च्यांचा कागद लिहून गेले.

"घरी ने ती तुझ्या बापाची लाकडं," थर्सबीबाई जाताना दारातून म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात तीन मोठ्या घरांनी थिर्झाला काम देणं बंद केलं. आणखी कोणी काम काढून घेतल्याचं पत्र येईल म्हणून तीन महिने ती पोस्टमनची चाहूल लागली तरी दचकायची. मग हळूहळू लांबच्या गावांतून लोक येऊ लागले. "खरं सांगणारी बाई" हवी म्हणून.

पण तिच्या जिवाला स्वस्थता नाही. बापानं अशा किती केल्या, कोणासाठी, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. परवा माझ्या भाचीच्या लग्नाला थिर्झा आली होती. सगळे जेवायला बसले तरी ती उभीच. वाकून खुर्चीच्या बैठकीखाली हात फिरवत होती. खूण असलीच तर ती सांध्याच्या आत, तिथं बाहेरून हाताला काहीच लागत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.