न वितळलेली पाटी

मुलीला मी चुकीचं शिकवलं, तेही छाती फुगवून. आठवीतल्या पोरीला शाळेच्या प्रदर्शनात रूपांतरित खडकावर बोलायचं होतं. नमुना म्हणून माझीच लहानपणची फुटकी पाटी. मी म्हणालो, सोपं आहे. जमिनीखाली गाळाचा खडक तापतो, वितळतो, थिजतो, झाली पाटी. चाकणच्या फोर्जिंग कारखान्यात तापलं लोखंड ठोकण्यात बावीस वर्षं काढलेला माणूस मी. उष्णतेबद्दल मला कोण विचारणार?

तिच्या बाईंनी विचारलं. वर्गासमोर सराव चालला होता. वितळला तर तो अग्निजन्य झाला की, असं त्या म्हणाल्या आणि पोरं हसली. शनिवारी परत बोलून दाखव, असंही त्यांनी सांगितलं होतं. पण घरी येऊन पोरीनं पाटी कपाटात टाकली आणि मी नाव मागे घेते म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीत भट्टीवरचा माझ्याच वयाचा जोडीदार तापमान वाढवायला निघाला. सवयीनं मी म्हणालो, "राव, वितळवायचं नाहीये, नुसतं लाल करायचंय. पुढचं हातोडा बघेल."

म्हणालो आणि जागीच थांबलो. लोखंड घट्टच राहतं, दाबानं त्याच्या आतली ठेवण बदलते, हे मी रोज लोकांना सांगतो. घरी तेवढं विसरलो.

संध्याकाळी बायकोच्या कणकेतला गोळा घेतला, त्यात मूठभर तांदूळ कालवले, दोन ताटांमध्ये ठेवून वर बसलो. मग सुरीनं कापून पोरीला दाखवलं. उभे-तिरपे असलेले तांदूळ आडवे झाले होते. पाटीतही बारीक कण असेच आडवे होतात, म्हणून तिचे पापुद्रे सुटतात. खाली उष्णताही असते, पण खडक वितळत नाही.

"मी चुकलो होतो, बाळा."

ती बराच वेळ तांदूळ बोटानं चाचपत राहिली. मग विचारलं, "हे डब्यात नेऊ?"

शनिवारी प्रदर्शनासाठी तिची निवड झाली. आधी बाबा चुकले, मग बाबांनीच दुरुस्त केलं, असं तिनं वर्गात सांगून टाकलं म्हणे. हे मी सोसायटीभर सांगून घरी आलो, तर बायको वरचं ताट पुसत होती. माझ्या वजनानं त्याला चांगलाच बाक आला होता.

"हे आजपासून तुमचं," ती म्हणाली. "आमटी एका बाजूला पळेल. पण पोरीसमोर चुकलो म्हणालात, म्हणून वाटीत वाढीन."