हद्दपार सरदार कसा जातो

मी कोल्हापूर सोडलं त्या सकाळी आई-वडील मला एसटी स्टँडवर पोचवायला आले होते. आमचं मूळ गाव कुरुंदवाड, घरात अर्धी भाषा कानडी, त्यामुळे वडील ते अप्पा आणि आई ती अव्वा. अव्वानं दशम्या दिल्या आणि पदरानं डोळे पुसले. अप्पा म्हणाले, "पासपोर्ट वरच्या खिशात ठिवू नगंस. वाकलास की पडतोय." मी आतला खिसा एकदा चाचपला, गाडीत चढलो आणि मागं वळून न बघता पलीकडच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसलो.

तो नव्वदच्या दशकाचा मध्य. उद्यमनगरातली फाउंड्री सोडून मी इंग्लंडात, शेफील्डच्या फाउंड्रीत निघालो होतो. लोखंड तेच, थंडी निराळी.

अप्पा दिवसा मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आणि संध्याकाळी हौशी मंडळातले नट. मंडळाचे दिग्दर्शक इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत, आणि शाल न पांघरता तालमीला आलेले सर कुणी पाहिले नव्हते. त्या वर्षी त्यांनी चारशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी शोकांतिका मराठीत आणली होती. तिला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना पहिल्या अंकापेक्षा लांब होती आणि ती तालमीला नुसतं बसायला येणाऱ्या माझ्यासारख्यांनाही वाचून दाखवण्यात आली.

अप्पांच्या वाट्याला आला होता एक सरदार. राजाला युद्ध नको म्हणतो आणि हद्दपार होतो. राजा पानभर गर्जतो. त्यावर सरदाराला एकच शब्द आहे, "जातो." कसा जातो, हे कुठंच लिहिलेलं नाही. त्या काळातल्या नाटकांची ही तऱ्हाच आहे. बोलणं भरपूर, सूचना जवळजवळ नाहीत. त्या काटकसरीवर नटांच्या कितीतरी पिढ्या जगल्या.

मंडळात अजून नकला काढायची जुनी पद्धत होती. प्रत्येक नटाला फक्त स्वतःची वाक्यं मिळत, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, कधी बोलायचं ते कळावं म्हणून. त्यामुळे सरदार निघून गेल्यावर दरबारात काय होतं, हे अप्पांच्या नकलेत नव्हतं. सरांना मात्र ते पाठ होतं.

"पुढच्या प्रवेशात राजा त्याला गर्विष्ठ म्हणतो," सर सांगत. "तेव्हा दरबाराकडं बघून, हात उंचावून, छाती काढूनच गेलं पाहिजे."

"सर, माघारी काय बोलत्यात ते जाणाऱ्याला कुठनं कळायचं?" अप्पा म्हणत.

घरातले माझे शेवटचे आठवडे या वादात गेले. सरदाराच्या जाण्यावर अप्पा रोज जेवताना बोलत. माझ्या जाण्यावर अवाक्षर नाही.

शेफील्डहून फोन करायचो तेव्हा अव्वा गावातली लग्नं आणि मयतं सांगायची. मग अप्पा रिसीव्हर घ्यायचे, "थंडी हाय काय?" असं विचारायचे आणि तिला परत द्यायचे. माझ्या माघारी ते काय म्हणतात, हे मला हवं होतं आणि विचारवत नव्हतं. त्या सकाळी स्टँडवर आलेला मंडळातला एक मित्र एकदा फोनवर हसत म्हणाला, "अप्पा तुला माजोरी म्हणत असत्यात बघ. साधं वळून बघितलं न्हाईस की गड्या." त्यानं चेष्टा केली होती. मी ती दोन हिवाळे अंगावर बाळगली.

पहिल्यांदा रजेवर आलो तेव्हा त्या नाटकाचा प्रयोग जयसिंगपुरात होता. स्पर्धेत बक्षीस मिळाल्यामुळे आधी सत्कार झाले. तीन प्रमुख पाहुणे होते आणि तिघंही नाटक सोडून बाकी सगळ्यावर बोलले. अखेर पडदा उघडला. राजा गरजला. अप्पा शांत उभे होते. "जातो" म्हणाले, कमरेच्या शेल्यात काहीतरी आहे ना हे हातानं एकदा चाचपलं, आणि ताठ पाठीनं भरभर निघाले, गाडी चुकेल अशा घाईनं. विंगेजवळ मान दरबाराकडं वळायला लागली. ती त्यांनी अर्ध्यावर थांबवली आणि गेले.

माझ्या पुढं बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "लई माजोरी दिसतोय."

"माजोरी न्हवं गं," शेजारीण म्हणाली. "बघितलं तर पाय निघंल काय त्याचा?"

रंगपटात अप्पा खोबरेल तेलानं रंग उतरवत होते. मी विचारलं, "हे कुठून आणलंत?"

"स्टँडवरनं."

"सर काय म्हणाले?"

"म्हणले, गर्व दिसत न्हाय. म्हटलं, न्हाईच की त्याला. राजाला वाटतोय, तर वाटू दे." मग आरशातच बघत म्हणाले, "तू पलीकडं बसलास ते बरं केलंस. हिकडं बसला असतास तर तुझ्या अव्वानं गाडी सोडली नसती."

पुढच्या काळात इंग्लंडात मी अशी नाटकं पुष्कळ पाहिली. एका राजानं तर सबंध अंक बाथटबमध्ये काढला, आणि तसं का, यावर माहितीपत्रकात निबंध होता. तो मी वाचला नाही. पण संहितेत एक शब्द असतो, नट तिथं क्षणभर थांबतो आणि कुणीच न लिहिलेलं काहीतरी त्याला सापडतं, तेव्हा मी आजही खुर्चीत सावरून बसतो. त्या इंग्रज नटांनाही पूर्वी अशाच नकला मिळत, हे मला तिथं कळलं. अप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे त्यांना तरी प्रस्तावना वाचून दावणारं कुणी न्हवतं."

घर कुठं, असं इथं मला अजून विचारतात. शेफील्डला मी कुणाकडून जेवून निघालो की माझ्यामागं ते काय बोलत असतील, याचा विचार बसस्टॉपपर्यंत सोबत असतो. कोल्हापुरातही माझ्यामागं बोलतातच, आणि बहुधा जास्तच. तिथं मात्र ते कळावं असं मला आता वाटत नाही, आणि घर कुठं याचं माझं उत्तर एवढंच आहे.