चाँदभाईंची साक्ष

इंदापूरच्या कोर्टात इतकी वर्षं वकिली केली, पण चाँदभाईंसारखा नाठाळ अशील दुसरा मिळाला नाही. तारखेला ते माझ्याआधी हजर. बाकावर बसायचे आणि शेजारी रुमाल टाकून जागा धरायचे. कुणासाठी? तर त्यांना दुकानातून काढायला निघालेल्या घरमालकासाठी! मी चिडलो की म्हणायचे, "तात्यांचं गुडघं दुखत्यात, वकीलसाब. अंथुर्णे गावावनं येष्टीत उभं राहून आल्यात."

चाँदभाई शिंपी. पेठेतल्या तात्यांच्या गाळ्यात चाळीस वर्षं भाड्यानं होते. तात्यांची मुलगी मनीषा डॉक्टर झाली, तिला दवाखाना काढायचा होता, म्हणून तात्यांनी गाळा खाली करून मागितला. तो गेला तर या म्हाताऱ्याला पेठेत दुसरी जागा मिळणं कठीण होतं. सगळी केस एकाच मुद्द्यावर अडलेली: मालकाची गरज खरी की नाही. "मला ठाऊक न्हाय" एवढंच म्हणायचं, हे मी त्यांच्याकडून दहादा घोकून घेतलं होतं.

उलटतपासात समोरच्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं. चाँदभाईंनी मागे बसलेल्या मनीषाकडे पाहिलं.

"गरज हाय की, साहेब. एवढी शिकलेली पोर, बसंल कुठं?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

निकाल विरुद्ध गेला. बाहेर आल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोललो. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "पोरीच्या तोंडावर खोटं कसं बोलू? रांगत होती तवापासनं चाचा म्हणती मला."

तरीही मी बारामतीच्या वरच्या कोर्टातल्या अपिलाचे कागद तयार केले. हे सहीला येतील तर शपथ! मुदतीच्या शेवटच्या दिवशी मीच पेठेत गेलो. मशीन चालू होतं.

"सही न्हाय करायची, वकीलसाब," मान वर न करता ते म्हणाले. पुढं म्हणाले, "जीव तुटतोय माझा. खोटं कशाला बोलू? सगळं आयुष्य हितंच गेलं."

मग माझं लक्ष मशीनवरच्या कापडाकडे गेलं. डॉक्टरचा पांढरा कोट.

"मनीषाचा?"

"व्हय. बसा जरा. या दुकानातलं शेवटचं काम हाय, घाईनं न्हाय करायचं."

मी कागद पिशवीत घातले आणि डोळे पुसत तिथंच बसून राहिलो.