धाकट्यानं कुलूप का लावलं?

"गोष्टीत शेवटी काय झालं?" मी विचारलं.

"धाकट्या भावानं भिंत रंगवली, अन् घराले कुलूप लावून वावरात गेला," कांताताई म्हणाल्या.

"बरोबर. का रंगवली?"

कांताताईंनी झेरॉक्सवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"मॅडम, थे तं लिहिलंच नाही."

आर्णीतल्या एका संस्थेच्या हॉलमध्ये हा वर्ग दुपारी भरतो. बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांचा. शाळेतून रिटायर झाल्यावर मी यवतमाळहून एसटीनं तिथे मराठी शिकवायला जाऊ लागले. कांताताई अंगणवाडीत मदतनीस. दहावी झाली तर त्यांना बढतीची आशा होती. आधी एकदा परीक्षेला बसून झालं होतं आणि गेला होता तो नेमका मराठीचा पेपर. "घरात मराठी, भांडण मराठीत, अन् नापासबी मराठीतच," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. पण या खेपेला नाही जमलं तर पुन्हा बसणार नाही, असं त्या घरी सांगून आल्या होत्या. ते सांगताना मात्र हसल्या नव्हत्या.

अडचण अशी होती. पेपरात एक उतारा येतो, कधीच न वाचलेला. त्याला आम्ही अपठित उतारा म्हणतो. त्यावरचे काही प्रश्न सोपे असतात, कोण आलं, काय झालं. हे कथानक, म्हणजे घडलेल्या घटना ओळीनं. ते सगळ्यांना यायचं. मग येतो आशय, म्हणजे या घटनांमधून गोष्ट मुळात कशाबद्दल बोलते आहे ते. तिथे माझा अख्खा वर्ग एकच उत्तर लिहायचा: 'नेहमी खरे बोलावे.' गोष्ट विहिरीची असो की बैलाची, खरे बोलावे. आणि तिसरं अनुमान. न लिहिलेलं, पण लिहिलेल्यावरून कळणारं. तिथे सगळ्यांचे पेन थांबायचे.

सरावासाठी एक छोटी गोष्ट मीच लिहून नेली होती. दोन भाऊ, घरं एकाच अंगणात समोरासमोर, बोलणं बंद. थोरल्याच्या मुलीचं लग्न निघतं. धाकट्याला आमंत्रण नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी धाकटा आपल्या घराची मांडवाकडची भिंत रंगवतो. कपडे वाळत घालायची दोरी काढून ठेवतो. लग्नाच्या सकाळी घराला कुलूप लावतो आणि बायकोला घेऊन शेतात निघून जातो. गोष्ट संपली.

वर्गाचं काम पाहणारे राऊतसर मला रोज म्हणायचे, "मॅडम, उत्तरं लिहून द्या ना. पाठ करतील बिचाऱ्या."

"सर, ही गोष्ट पेपरात येणारच नाही. पाठ करून काय करतील?"

"मंग असं रिकामं बसवून तरी काय होऊन राह्यलं?"

त्या दिवशीही मी थैली उचलली आणि एसटी गाठली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले, थैली टेबलावर ठेवली. पुढच्या रांगेत शबाना बसायची. तिच्या घरचं बांगड्यांचं दुकान, ती वर्गात सगळ्यात लहान. माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, घरी मेहमान येऊन राह्यले ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कायले सांगते? थैलीत साखरेची येवढी मोठी पुडी हाय. तुम्ही तं चहा बिनसाखरेचा पिता."

"अन् केस रंगवले," मागून आवाज आला.

"अन् आज घड्याळाकडे पाहून राह्यल्या घडीघडी," कांताताई म्हणाल्या. "साधे पाव्हणे नाही. पोरीसाठी कोणी पाहाले येत असन."

भाचीला बघायला मंडळी येणार होती. माझ्याच घरी. मी खुर्चीत बसून हसायलाच लागले. मग म्हटलं, "बायांनो, मी तुम्हाला यातलं एक तरी अक्षर लिहून दिलं होतं का?"

"नाही," शबाना म्हणाली.

"तुम्ही आता जे केलं ना, त्यालाच अनुमान म्हणतात. काढा झेरॉक्स."

पुढचा तासभर हॉलमध्ये कोणी कोणाचं ऐकून घेत नव्हतं.

"भावाले जळवाले रंगवली भिंत," शबाना म्हणाली. "पाहा, तुह्याबिगर माह्यं काही अडलं नाही."

"पुरावा?" मी विचारलं. वर्गाचा नियम मी तिथेच ठरवला. काहीही म्हणा, पण गोष्टीतली ओळ दाखवा.

"जळवाचं असतं तं रस्त्याकडची रंगवली असती," कांताताई म्हणाल्या. "थे सगळ्यायले दिसते. यानं मांडवाकडचीच रंगवली. अन् दोरी काहून काढली? वऱ्हाड बसन तिथं समोर फाटके लुगडे दिसू नाही म्हणून. भावाची शोभा झाली पाह्यजे."

शबानानं ओळ पुन्हा वाचली. "बरं, मानलं. पण मंग कुलूप कायले? येवढी माया होती तं जाऊन बसाचं मांडवात!"

कांताताईंनी कुलपाच्या ओळीवर बोट ठेवलं. मग सावकाश म्हणाल्या, "घरी असता तं लोकायनं इचारलं असतं, भाऊ घरी हाय अन् मांडवात नाही, काहून? कुलूप दिसलं की लोक म्हणतीन, गावाले गेला असन. थोरल्याले खाली पाहा लागलं नाही."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, गोष्ट तुमची ना? सांगा, बरोबर हाय का?"

खरं म्हणजे मी ते कुलूप फक्त गोष्ट संपवायला लावलं होतं. मी तसं सांगितलं. त्यावर जो हशा झाला, तो ऐकून राऊतसर धावत आले.

"भांडण झालं काय?"

"सर, तुम्ही सांगा," शबानानं कागद त्यांच्या हातात दिला. "कुलूप काहून लावलं?"

सरांनी उभ्याउभ्या वाचलं. "रागानं," ते म्हणाले.

"पुरावा द्या, सर!" अख्खा वर्ग ओरडला.

सर खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. त्यांचं आणि शबानाचं बराच वेळ चाललं. अहंकारही आहेच, नाहीतर मांडवात पाय ठेवला असता, हे शबानानं शेवटपर्यंत सोडलं नाही. मग फळ्यावर आशय लिहायला कांताताई उठल्या. लिहिलं: 'माया आणि ताठा एकाच घरात राहतात.' खरे बोलावे कुठेच नव्हतं. उत्तरं लिहून द्या, असं सर मला त्यानंतर कधी म्हणाले नाहीत.

पेपर झाला त्या दिवशी कांताताईंचा फोन आला.

"मॅडम, एक म्हातारी होती. पोरगी सासरी गेली, तरी बुढी झोका काढतच नाही. इचारलं, काहून?"

"मग? काय लिहिलं?"

"लिहिलं, तिले वाटते पोरगी आली तं बसाले जागा पाह्यजे. अन् पुरावाबी देला. बुढी रोज झोका पुसते, असं तिसऱ्या ओळीत हाय."

"वा! अजून काही?"

"अजून लय होतं, मॅडम. जागा पुरली नाही."

निकालात कांताताई सगळ्या विषयांत पास झाल्या. वर्गातली एकही बाई मराठीत अडकली नाही. शबाना गणितात राहिली, पण तिनं पेढे वाटायला त्याची अडचण मानली नाही. कांताताईंनी बढतीसाठी अर्ज केला आहे, आणि त्या अर्जावर साहेब काय म्हणतील याचं अनुमान त्या मला रोज फोनवर पुराव्यासकट ऐकवतात.

इतकी वर्षं मी मुलांना शांत बसून वाचायला सांगत आले. आता वर्ग फार शांत वाटला, की आधी विचारून घेते, कोणाला काही कळलंय का.